बाँबची उगवण

यवतमाळ जिल्ह्यात बाँब होत नाहीत. आमच्याकडे कापूस होतो, तूर होते, सोयाबीन होतं, कर्ज होतं. बाँब शेजाऱ्यांकडे. वणीहून वर्धा नदी ओलांडली की भद्रावतीचा आयुध कारखाना, वरच्या अंगाला पुलगावचा दारूगोळा डेपो, आणखी पुढे नागपूरच्या वाटेवर बाजारगावचा स्फोटकांचा कारखाना. शेजार भारदस्त आहे, तक्रार नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये या शेजाराचा भाव आणखी वधारला. संरक्षण खात्याने पिनाका रॉकेटांसाठी 10,147 कोटींचे करार केले. एक सरकारी म्युनिशन्स इंडियाशी, दुसरा नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जशी. नागपूरच्या वाट्याचं रॉकेट लेकुरवाळं आहे. पोटात छोटे बाँब घेऊन निघायचं आणि शत्रूच्या डोक्यावर गेलं की ते रानभर उधळायचे. म्हणजे क्लस्टर. पिनाकाचा आराखडा पुण्यात पाषाणला झाला. पुण्याने डोकं लावलं, विदर्भाने हात लावले. असा समतोल एरवी अनुशेषाच्या फायलीतही दिसत नाही.

विमानातून टाकायचा क्लस्टर बाँब मात्र आपण अमेरिकेकडून आणायचं ठरवलं. 2010 मध्ये जग्वार विमानांसाठी 512 नगांचा सौदा झाला, सुमारे 25 कोटी 77 लाख डॉलरला. नाव सीबीयू-105, बनवणारी कंपनी टेक्स्ट्रॉन. हा बाँब मोठा हुशार. हवेत टरफल उघडतं, आतून 10 नळकांडी पॅराशूटला लटकत उतरतात, प्रत्येक नळकांडं गरगर फिरून 4 चकत्या भिरकावतं. या 40 चकत्या खाली रणगाड्याची ऊब हुंगत जातात. ऊब सापडली तर फुटतात. नाही सापडली तर स्वतःच फुटून जातात, तेही जमलं नाही तर आतली बॅटरी संपून निकामी होतात. कंपनीचा दावा 99 टक्क्यांहून जास्त खात्रीचा. 2015 मध्ये ह्यूमन राइट्स वॉचला येमेनमध्ये न फुटलेल्या चकत्या सापडल्या. 2016 मध्ये कंपनीने हा माल बनवणंच थांबवायचं ठरवलं.

टक्केवारी म्हटली की यवतमाळचा शेतकरी कान टवकारतो, कारण पिशवीवरची टक्केवारी आणि रानातली टक्केवारी यांच्यातलं अंतर त्याने गुडघे टेकून मोजलेलं आहे. सोयाबीनच्या पिशवीवर उगवण किमान 70 टक्के छापलेली असते. तरी कृषी खातं दर मे महिन्यात बजावतं की घरी तपासून पाहा. ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडा, गुंडाळून ठेवा, आठवड्याने उघडा आणि कोंब मोजा. तरीही 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा ढीग लागला आणि कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली.

बाँबचंही तसंच. क्लस्टर बनवणारे सांगतात, फार तर 2 ते 5 टक्के गोळे फुटायचे राहतात. शेतं साफ करायला जाणारे सांगतात, 10 ते 30 टक्के. 2023 मध्ये अमेरिकेने युक्रेनला असले तोफगोळे दिले तेव्हा 2.35 टक्क्यांच्या वर एकही वाया जाणार नाही असं सांगितलं. तो दशांश बघा! आपटल्यावर फुटणाऱ्या गोळ्याला खाली टणक जमीन लागते. चिखल, गवत, झाडाची फांदी, ओली माती मिळाली की तो निवांत पडून राहतो. मृगाच्या पावसानंतरची आमची काळी जमीन असल्या गोळ्याला मांडी देईल.

फरक एवढाच, की न उगवलेला दाणा कुजून जातो आणि न फुटलेला बाँब टिकतो. लाओसवर अमेरिकेने 1964 ते 1973 या काळात 27 कोटी असे गोळे टाकले. त्यातले सुमारे 8 कोटी तेव्हा फुटलेच नाहीत. ते चेंडूएवढे होते आणि मुलांना चेंडूच वाटले. युद्ध संपल्यावर तिथे न फुटलेल्या दारूगोळ्याने 20,000 हून जास्त माणसं मारली किंवा जायबंदी केली. भातखाचर खणणारे, भंगार वेचणारे.

भंगारावरून पुलगाव आठवतं. नोव्हेंबर 2018 मध्ये सोनेगावजवळच्या मैदानावर मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करायला उतरवत असताना स्फोट झाला आणि 6 जण गेले. त्यात आसपासच्या गावांतले रोजंदार होते. बाजारगावच्या कारखान्यात डिसेंबर 2023 मध्ये 9 जण गेले, त्यातल्या 6 बाया. दारूगोळा आधी कुणाच्या अंगावर उडतो, हे इकडे कुणाला विचारावं लागत नाही.

कुणी म्हणेल, बाँब शत्रूसाठी आहे, तुझ्या वावरासाठी नाही. कबूल. पण रणगाडे काय हवेत चालतात? पंजाबच्या सीमेवर गव्हाचीच शेतं आहेत. 2001-02 मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी तिथे सुरुंग पेरले, पुढे लष्करानेच काढले, आणि त्यापायी जवानही गेले, शेतकरीही. सुरुंगाचा निदान नकाशा असतो. क्लस्टरचा कुठला नकाशा? वारा नेईल तिकडे तो पडणार.

क्लस्टर बाँबवर बंदी घालणारा करार 2008 मध्ये झाला, 2010 पासून लागू आहे. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान आणि भारत, पाचही बाहेर. चहाच्या वेळेवरही ज्यांचं एकमत होणार नाही, ते इथे एका पंगतीला. मार्च 2025 मध्ये लिथुआनिया करारातून बाहेर पडला, शेजारी रशिया असल्याचं कारण देऊन. आपल्याला ती तसदीही नाही, आपण आत गेलोच नव्हतो.

सही नका करू. शेजार वाईट आहे हे आम्हालाही कळतं. पण 10,147 कोटी आमच्याच खिशातले आहेत, तेव्हा संसदेत एवढं सांगा: नागपूरच्या रॉकेटातले किती टक्के गोळे फुटायचे राहतात, आणि ती चाचणी कुठल्या जमिनीवर, कुठल्या महिन्यात घेतली? राजस्थानच्या उन्हाळ्यातला आकडा चालणार नाही. जुलैचा द्या.