पुनवेचा खून

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा मला निदान एक जमायला हरकत नाही असं वाटणारा आमच्या घरात मी एकटाच होतो. झुंजार आणि काळा पहाड पाठ्यपुस्तकात लपवून वाचलेला, बँकेतून निवृत्त होऊन अलिबागच्या वडिलोपार्जित घरात येऊन पडलेला माणूस दुसरं करणार तरी काय? वाडीतले नारळ मोजायला गडी आहे, आणि त्याचं गणित माझ्यापेक्षा बरं आहे.

तयारी मात्र कसून केली. अगाथा ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखात्यात काम करत होत्या, विषांची माहिती त्यांना तिथेच झाली आणि तिच्या जोरावर लिहिलेली पहिली कादंबरी १९२० साली छापून आली, हे वाचल्यावर मीही विषाकडे वळलो. कुंपणातल्या कण्हेरीची फांदी हातात धरून ‘एवढी पुरेल का?’ असं मोठ्यानं म्हणालो, तेव्हा मागे सौभाग्यवती उभी होती. तेव्हापासून ती माझ्या हातचा चहा घेत नाही. तसा मी तो कधी करतही नव्हतो.

मग विष सोडलं आणि खून कुलाबा किल्ल्यात नेला. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला हा किल्ला म्हणजे रहस्यकथेला आंदण: ओहोटीला चालत जा, भरतीला आत अडका. पौर्णिमेची मध्यरात्र, चांदण्यात चमकणारी ओली वाळू, सावकार पुढे, खुनी मागे, तटाआडून बघणारा साक्षीदार आणि सकाळी पाइप ओढत येणारा माझा गुप्तहेर रणधीर. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

पहिलं प्रकरण शेजारच्या नाखवांना ओटीवर वाचून दाखवलं. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि विचारलं, “भाऊ, पुनव म्हनता ना? आनि रातचे बारा?”

“हो.”

“मंग खुनी बुडाला.”

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पौर्णिमेला बाराच्या सुमारास ऐन उधाणाची भरती. म्हणजे सावकार, खुनी आणि साक्षीदार सगळेच पहिल्या प्रकरणात गेले, रणधीरला पुढे कामच उरलं नाही.

खून ओहोटीच्या वेळी, सकाळी सहाला नेला, तर किनाऱ्यावर फिरायला येणारी निम्मं अलिबाग साक्षीदार. शुद्ध अष्टमीला नेला, तर मध्यरात्री ओहोटी मिळते, पण चंद्र मावळायला टेकलेला, तेव्हा खुन्याचा चेहरा दिसणार कसा? शिवाय ते भांगाचे दिवस, पाणी पुरतं ओसरत नाही. माझा थंड डोक्याचा, निर्दय खुनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचून, चपला काखेत मारून, खेकड्यांना दचकत निघाला. त्याला कोण घाबरणार? “सर्दी होईल हो त्याला,” सौभाग्यवती म्हणाली.

सध्या नाखवा मला दुसरं प्रकरण सांगताहेत. खुनी कोण हे त्यांनी ठरवलंय, मला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही अलिबागला याल तेव्हा किल्ल्यात जरूर जा. फक्त निघण्याआधी तिथी बघा, वेळ कोळ्यांना विचारा, आणि वाटेत कुणी लेखक भेटलाच तर त्याचं मुळीच ऐकू नका.