जबाबदारी, आठ नंबरची

जबाबदार कंपनी ओळखायची खूण सोपी आहे. तिच्याकडे जबाबदारीचं वेगळं खातं असतं. चप्पल उचलणारं खातं निराळं आणि उचलल्यावर गहिवरणारं निराळं. आपल्याकडच्या भुरट्याला दोन्ही कामं एकट्यानंच करावी लागतात, म्हणून तो देवळाबाहेरच सापडतो.

जून 2025 मध्ये मिलानला प्रादाच्या फॅशन शोमध्ये आपला अंगठा, आपला पट्टा असलेली कोल्हापुरी चप्पल ऐटीत चालून गेली. नाव काय, तर लेदर सँडल. 2019 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालंय, ही बातमी तोवर इटलीला पोचली नसावी. (खरं सांगायचं तर कोल्हापूरच्या रंकाळ्यावरही फारशी पोचली नव्हती.)

बोंब उठली. महाराष्ट्र चेंबरच्या ललित गांधींनी पत्र धाडलं आणि उत्तर आलं ते प्रादाच्या सामाजिक जबाबदारीचे प्रमुख लोरेन्झो बर्टेली यांचं. हे मिउच्चा प्रादा यांचे चिरंजीव. आईची कंपनी, पोराकडे जबाबदारी! साखर कारखान्यांच्या कोल्हापूर जिल्ह्याला एवढं वाचूनच प्रादा घरची वाटू लागली. उत्तराचा मथितार्थ असा: होय, प्रेरणा भारतीय पादत्राणांचीच, पण संग्रह अजून प्राथमिक अवस्थेत आहे आणि ही चप्पल विकायला येईलच असं नाही.

मग आमचा अभिमान जागा झाला. चप्पल लाईनीत शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्यांनी मिलानला दम भरला. रेक्झिनची जोडी 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून खपवणाऱ्यांना वारसा आठवला. ज्या चर्मकारांना पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्यांच्या हातची चप्पल एका रात्रीत 'आपली अस्मिता' झाली. चप्पल तेवढी आत आली.

कोर्टबाजीही झाली, मुंबई उच्च न्यायालयानं प्रादाविरुद्धची वकिलांची जनहित याचिका फेटाळली. प्रादाची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: 2,000 जोड, एकेक सुमारे 800 युरोला. म्हणजे ऐंशी हजारांच्या घरात. कोल्हापूरच्या सुभाषनगरात हजार-दीड हजाराला मिळणाऱ्या जोडीवर एवढी जबाबदारी चढली, तर तळ झिजायचा नाही का? शिवाय कारागिरांना प्रशिक्षण, इटलीतल्या अकादमीत जायची संधीसुद्धा. आता बाभळीच्या सालीत कातडं कमावणाऱ्यानं चप्पल कशी करावी, हे टस्कनीत शिकून यायचं.

काम मिळतंय, मिळू दे. त्यात वाकडं काही नाही. फक्त हीच जागतिक रीत असेल तर कोल्हापूरनं मागं का राहावं? सुभाषनगरात तिकोनी बिल्ल्याची एक काळी हँडबॅग शिवावी. नाव ठेवावं 'चामड्याची पिशवी'. महाद्वार रोडवर ती मिरवावी. मिलानहून पत्र आलं की आपलं जबाबदारी खातं कळवेल: 'आपल्या 1913 पासूनच्या हस्तकलेबद्दल आम्हांस नितांत आदर आहे. आपल्या कारागिरांशी संवाद साधण्यास आम्ही उत्सुक आहोत. पिशवीचं काम शिकायला त्यांना खुशाल आमच्या कापशी गावाला पाठवा. राहण्याची सोय होईल. जेवणात तांबडा-पांढरा. विमानभाडं ज्याचं त्यानं.'