श्रवणाचे शिरस्तेदार

ज्या गृहस्थाला स्वतःला गाता येत नाही, वाजविता येत नाही आणि या दोन्ही गोष्टींची ज्याला यत्किंचितही खंत वाटत नाही, अशा गृहस्थाच्या घरी जन्मास येणाऱ्या अपत्यांचे कान त्यांच्या बारशापूर्वीच सरकारजमा झालेले असतात. सोनार पुढे ते टोचतो, तो केवळ ताबेपावतीचा उपचार. पुण्याच्या पेठांतून असा एखादा संगीतभक्त पिता वाड्यागणिक असावयाचाच, आणि ज्या वाड्यात तो नसे त्या वाड्याचे भाडे किंचित अधिक असे, असा माझा जुना संशय आहे. आमच्या वाड्यातील या पदावर नाना होते. नाना दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार. दिवसभर दावे, दरखास्ती, मुदतवाढी आणि तहकुबी यांच्या गराड्यात काढल्यावर सायंकाळी घरी येऊन पगडी खुंटीला लागली, की तेच कामकाज ते माजघरात पुढे चालू करीत. भेद इतकाच, की कचेरीत न्यायाधीश वेगळे असत आणि घरी तेही काम नानाच पाहत.

त्यांच्या या दुसऱ्या कचेरीचे मुख्य दप्तर म्हणजे चावीचा एक ग्रामोफोन. माईंनी विणलेल्या जाळीदार आच्छादनाखाली तो वास करी, आणि त्याच्या सुयांची डबी घराच्या खरेदीखतासह कुलपात असे. तबकडी लावण्याचा विधी ठरलेला होता. थोरली मुलगी तबकडी पुसणार, मधला मुलगा चावी देणार, आणि धाकट्याने यांपैकी कशालाही हात न लावता मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, 'ऐकण्याच्या स्थितीत' बसावयाचे. एकदा दिवाळीच्या सकाळी हा धाकटा लाडूसकट बैठकीला आला, तेव्हा नाना कळवळून म्हणाले, "अरे, तोंडात बेसनाचा लाडू आणि कानांत अब्दुल करीमखाँ? दोघांपैकी एकाचा तरी मान राख!" धाकट्याने विचार करून लाडवाचा मान राखला आणि त्याची रवानगी ओसरीवर झाली.

त्या काळची तबकडी एका बाजूस सव्वातीन-साडेतीन मिनिटे चाले. नानांची प्रस्तावना पाऊण तास चाले. गायकाचे घराणे, त्याच्या गुरूचे घराणे, त्या गुरूने शिष्याकडून किती वर्षे नुसता षड्ज लावून घेतला त्याची हकिकत, रागाची वेळ, वादी, संवादी, आणि ती वेळ सध्या नसल्याबद्दल नानांनी रागापाशी मागितलेली क्षमा, इतके सगळे रुजू झाल्यावर सुई टेकत असे. पण खरी गंमत त्यानंतरची. झिंझोटीतली ती प्रसिद्ध ठुमरी चालू आहे, खाँसाहेबांचा तो कोवळा, दुखरा सूर हळूहळू वर सरकतो आहे, आता तो त्या एका जागी जाऊन थबकणार, आणि नेमक्या त्याच निमिषाला नाना दोन्ही हात वर करून, संपूर्ण आवाजात "ऐका!" अशी आज्ञा करीत. ती आज्ञा पाळण्यासारखे जे काही होते, ते त्या आज्ञेखालीच गाडले जाई. कलावंताचा उत्कर्षबिंदू आणि मार्गदर्शकाचा उत्कर्षबिंदू एकाच क्षणी येतात, ही मार्गदर्शनाची मूळचीच अडचण आहे. तिला नाना तरी काय करणार! पुढे थोरली एकदा मैत्रिणीच्या घरी गेली असता तेथे तीच तबकडी लागली, तेव्हा ती घरी येऊन माईंना म्हणाली, "त्यांची तबकडी अर्धवट आहे. त्यात मधले 'ऐका'च नाही."

मुलांचे तोंड पाहिल्यावाचून नानांना गाणेच ऐकू येत नसे, अशी माझी समजूत आहे. तबकडी वाजू लागली की त्यांची दृष्टी ग्रामोफोनवर नसून या तीन चेहऱ्यांवर असे. साक्षीदाराची उलटतपासणी चालावी त्याप्रमाणे ते एकेका भुवईची हालचाल टिपीत. साहजिकच मुलांचे शिक्षण श्रवणाचे न होता श्रवणाच्या मुद्रेचे झाले. कोठे नुसती मान हलवावयाची, कोठे जिभेने हळूच चुकचुकावयाचे, कोठे 'वाहवा' म्हणावयाचे आणि कोठे शब्द अपुरे पडल्याप्रमाणे आढ्याकडे पाहावयाचे, हे सर्व त्यांस इतके अवगत झाले होते, की कानांत कापूस घातला असता तरी त्यांची दाद चुकली नसती. यात सर्वांत प्रगती धाकट्याची. 1952 पासून नभोवाणीवर शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यासाठी तिन्ही मुलांना जागे ठेवणे हे नानांनी राष्ट्रीय कर्तव्य मानले. धाकटा पहिल्या दहा मिनिटांतच डोळे मिटून घेई, विलंबित लयीत डुलू लागे, आणि अधूनमधून त्याची मान अशी काही खाली येई, की नाना माईंना कोपराने खुणावून म्हणत, "पाहिलंस? सम कळते त्याला." मूल झोपले आहे हे माईंना दिसत होते. पण त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्याला उचलून अंथरुणावर नेण्याचे काम त्यांनाच पडते.

नानांच्या आवडीनिवडीत मुलांना सर्वांत जाचक ठरले ते मात्र भास्करबुवा बखले. बुवा 1922 मध्ये वारले आणि त्यांच्या गायनाची तबकडी मागे राहिली नाही. नेमके याच कारणाने नानांनी त्यांना सर्वोच्च स्थानी बसविले होते. मास्टर कृष्णराव उत्तम, पण बुवांची सर नाही. विनायकबुवा भारदस्त, पण बुवांचे ते वेगळेच. जो आवाज कोणालाच पुन्हा ऐकावयास मिळणार नाही त्याच्या बाजूने दिलेला निकाल अंतिम असतो. त्यावर अपील चालत नाही. 'स्वयंवर' नाटकाला बुवांनी चाली दिल्या एवढा एकच पुरावा मुलांना उपलब्ध होता, बाकी सर्व नानांच्या तोंडी जबानीवर. लहानपणी आपण बुवांची एक अख्खी मैफल ऐकली, असे त्यांनी शपथेवर सांगितले होते. पुढे एका श्रावणात नानांच्या मातोश्री मुक्कामास आल्या असता त्यांनी सहज बोलून दाखविले, की त्या रात्री हा पोरगा पहिल्या चिजेलाच वडिलांच्या उपरण्यावर पसरला, तो पहाटे भैरवी झाल्यावर पाठीवर टाकून घरी आणावा लागला. धाकट्याने त्यावर वडिलांकडे अत्यंत आदराने पाहिले. घराणे सापडल्याचा आनंद त्याच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होता.

सुट्टीतले प्रवासही याच नकाशावरून चालत. मिरजेस जावयाचे ते ख्वाजा शमना मिराँच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या कबरीपुढे उभे राहण्याकरिता. तेथून सतारमेकरांच्या दुकानांत भोपळे वाजवून पाहावयाचे, आणि उन्हे कलल्यावर कोणाला भूक लागली आहे काय, याची चौकशी करावयाची. कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाआधी अल्लादियाखाँसाहेबांच्या आठवणींचे दर्शन. शाळेत भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत मिरजेचे महत्त्व विचारले असता मधल्याने किराणा घराण्यावर दीड पान लिहिले. मास्तरांना रेल्वेचे जंक्शन हवे होते. नानांनी ती उत्तरपत्रिका जपून ठेवली आणि मास्तरांविषयी कायमचे मत बनविले. त्याच मिरजेहून त्यांनी एक तंबोराही आणला होता. घरात गाणारे कोणी नव्हते. दर रविवारी नाना तो स्वतः लावीत, आणि लावून होईपर्यंत बंबातले पाणी निवत असे.

येथवरचा कारभार निर्वेध चालला होता. पण कायदा फार कडक झाला म्हणजे त्याला पळवाटाही तितक्याच प्रशस्त फुटतात, हे शिरस्तेदारांना वेगळे सांगावयास नको होते. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि सिनेमाच्या गाण्यांना सरकारी नभोवाणीवर जवळजवळ थारा उरला नाही. आपल्या माजघरातले फर्मान दिल्लीने उचलले, अशा भावनेने नानांनी त्या दिवशी पेढे आणले. तत्पूर्वी, 1940 मध्ये, पेटीलाही नभोवाणीवर मज्जाव झाला होता. तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली होती, कारण गोविंदराव टेंब्यांची पेटी म्हणजे त्यांचे दैवत आणि घरातही एक पेटी होतीच. तो पेच त्यांनी असा सोडविला, की नभोवाणी चालू असेतोवर घरच्या पेटीवर खोळ घालावयाची. सरकारचाही मान राहिला आणि गोविंदरावांचाही.

सिनेमाची गाणी दिल्लीने हद्दपार केली ती समुद्रापलीकडे सिलोनात जाऊन राहिली, आणि तेथून दर बुधवारी रात्री आठ वाजता, लघुलहरींच्या खरखरीसह, अमीन सायानींच्या गोड जिव्हेवरून 'बिनाका गीतमाला' या नावाने पेठापेठांतून परत येऊ लागली. वाड्यातल्या इतर बिऱ्हाडांतून ती ऐकू येई. नानांचे दार लावलेले असे, पण वाड्याच्या भिंतींना कायदे ठाऊक नव्हते. शेवटी थोरलीने रीतसर अर्ज केला: 'बैजू बावरा' या बोलपटात बापूराव पलुसकर आणि अमीरखाँ यांची जुगलबंदी आहे, सबब तो ऐकण्यास परवानगी असावी. बापूरावांचे नाव येताच नानांचा नाइलाज झाला. त्यांनी बोलपट पाहिला, जुगलबंदीला मान डोलविली आणि घरी येऊन निवाडा दिला: ज्या गाण्यात राग निर्विवाद सिद्ध होईल, ते गाणे ऐकण्यास हरकत नाही, सिद्धतेची जबाबदारी अर्जदारावर.

ही नजीर पडली आणि कचेरीत एकच झुंबड उडाली. त्याच बोलपटातले महंमद रफींचे भजन मधल्याने दुसऱ्या दिवशी दाखल केले. नानांनी तंबोरा काढला. रिषभ आणि पंचम यांना तीनदा पुकारण्यात आले. दोघेही हजर झाले नाहीत. सबब मालकंस शाबीत. 'अनारकली'मधील सी. रामचंद्रांचे एक गाणे भीमपलासावर सुटले, 'झनक झनक पायल बाजे'ला अमीरखाँसाहेबांनी अडाण्यात जामीन दिला. मुले भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांची पाने अशी उलटू लागली, की नानांचा ऊर भरून आला. शाळेचा अभ्यास मागे पडला, पण ज्या थाटांची नावे पाठ व्हावीत म्हणून त्यांनी दोन वर्षे जीव आटविला होता ती पंधरवड्यात तोंडपाठ झाली. पुढे मधल्याला 'मिश्र पिलू'चा शोध लागला, आणि ज्या गाण्यात दुसरे काहीच सिद्ध होत नाही ते मिश्र पिलूत सिद्ध करता येते हे ध्यानात येताच हिंदी सिनेमाचे उरलेसुरले संगीतही विनासायास दाखल झाले. ('गीतरामायणा'ची सुनावणी झालीच नाही, त्या वेळी माईंनी रेडिओला हार घातलेला असे, आणि हार घातलेल्यावर समन्स बजावण्याची छाती नानांना नव्हती.)

फेटाळला गेला तो एकच अर्ज, धाकट्याचा. 'नागिन'मधल्या पुंगीने 1954 च्या सुमारास गावोगाव धुमाकूळ घातला होता, आणि धाकट्याला तीच हवी होती. नाना म्हणाले, "सर्प हा पक्षकार होऊ शकत नाही." धाकट्याने केशकर्तनालयातून मिळविलेली माहिती पुराव्यादाखल पुढे केली, की ती खरी पुंगी नसून विजेवर चालणाऱ्या कसल्याशा वाद्यातून काढलेला आवाज आहे. त्याने बिचाऱ्याने ही शिफारस म्हणून सांगितली होती. नाना ताडकन उभे राहिले. "म्हणजे दस्तऐवजही बनावट!" असे म्हणून त्यांनी अर्ज खर्चासह नामंजूर केला, खर्च म्हणून रविवारी तंबोऱ्याच्या तारा पुसण्याचे काम धाकट्याकडे आले.

रागांची छाननी करावयाची तर मूळ गाणे ऐकणे भाग होते, म्हणून बुधवारी रात्री आठ वाजता नाना स्वतःच वही आणि टाक घेऊन रेडिओपाशी बसू लागले. हे श्रवण नसून चौकशी आहे, असे त्यांनी माईंना लेखी नव्हे, पण स्पष्ट शब्दांत कळविले. वहीत तारीख, गाण्याचे पायदान, राग, शेरा असे रकाने होते. प्रथम शेऱ्याचा रकाना भरे. हळूहळू पायदानाचा रकाना त्यांना छळू लागला. शुद्ध रागातली गाणी खाली आणि मिश्र पिलू वर, ही अंदाधुंदी त्यांच्याने पाहवेना. 1956 मध्ये 'बसंत बहार' आला. त्यात भीमसेन जोशी गायलेले, म्हणजे सवाई गंधर्वांचे शिष्य, ज्यांच्या गुरूंच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला 1953 पासून तिन्ही मुलांना घोंगड्यात गुंडाळून नाना नेत आले, ते! त्या बुधवारी नाना सातपासून रेडिओपाशी होते. आठाचे नऊ झाले, शेवटचे बिगूल वाजले, आणि भीमसेनांचे नाव निघाले नाही.

त्याच रात्री, दिव्याची वात मोठी करून, रेडिओ सिलोनच्या व्यवस्थापकांच्या नावे अर्जाचा मसुदा तयार झाला. विनंती विशेष ऐशीजे, की पायदानांची सध्याची वहिवाट रागशास्त्रास धरून नसून तिची फेरतपासणी होणे जरूर आहे. जोडपत्र म्हणून वहीची नक्कल. मजकूर नानांनी सांगितला, अक्षर आणि सही धाकट्याची घेतली, कारण सरकारी नोकराने परराज्याशी परस्पर पत्रव्यवहार करणे सेवेच्या नियमांत बसत नव्हते. धाकट्याने सही केली, आणि वकिलाची फी म्हणून तिच्या वर, कागदाच्या उरलेल्या जागेत, 'नागिन'च्या पुंगीची फर्माईश घालून दिली. नानांनी टपालात टाकण्यापूर्वी पत्र डोळ्यांखालून घातले. ती फर्माईश त्यांनी खोडली नाही. फक्त तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले.