नो फंक्शनल चेंज

प्रत्येक टीममध्ये असा एक जण असतो. बाकीचे नवीन कोड लिहितात, हा असलेला काढतो. आमच्याकडचा लिनक्स कर्नलच्या बूटमध्ये रमलेला. मशीन चालू झाल्यावर मेमरी वाटणारा खरा कारभारी, म्हणजे बडी अलोकेटर, उभा राहायला जरा वेळ लागतो. तेवढ्यापुरती मेमरी 'मेमब्लॉक' देतो. मंगल कार्यालयात आचारी पोचायच्या आधी वऱ्हाडाला चहा पाजणारा मामा असतो ना, तसा. याद्या दोनच: मेमरी कुठे कुठे आहे, आणि त्यातली कुठली अडकलीय. बडी आला की उरलेली त्याच्या हवाली.

या क्षणभराच्या कारभारावर आमचे महाशय महिनोन्‌महिने बसतात.

"हे अजून का आहे?" हा त्यांचा लाडका प्रश्न. उत्तर आलं नाही तर ओळ गेलीच. बारा ओळी घालून चाळीस काढल्या की त्या दिवशी चहा त्यांच्याकडून. प्रत्येक पॅचखाली एकच ग्वाही: "नो फंक्शनल चेंज." घरी कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलं तेव्हाही वहिनींना हेच ऐकवलं म्हणे. वहिनींना चष्मा दोन दिवस सापडत नव्हता.

बरं, बदल फक्त आपल्या लॅपटॉपवर चालून भागत नाही. अल्फा, एम-सिक्स्टी-एट-के, जी यंत्रं त्यांनी जन्मात पाहिली नाहीत, त्यांच्यासाठीही क्यूएमू या एम्युलेटरवर बूट करून बघायचं. का, तर "कुणाच्या तरी माळ्यावर जुना अमिगा कॉम्प्युटर असेल हो, तो बंद पडायला नको." आणि एवढ्या लवकर काही बिघडलं तर चूक सांगायला कन्सोलही जागा झालेला नसतो. स्क्रीन काळीठिक्कर. अशा वेळी ते हात मागे बांधून उभे राहतात आणि हळूच म्हणतात, "बोलत नाहीये."

त्यांचा आवडता किस्सा जुन्या 'बूटमेम'चा. 1999 सालचा हा अलोकेटर मेमरीच्या प्रत्येक पानामागे एक बिट ठेवून हिशोब करायचा. 2010 मध्ये मेमब्लॉक आला, तरी पुढची आठ वर्षं दोघं एकाच घरात नांदत होते. डिसेंबर 2018 च्या 4.20 मध्ये बूटमेम अखेर गेला. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलतो. मग कुणीतरी खोडसाळ पोरगं विचारतं, "पण सर, ह्यूज पेजेसच्या कोडमध्ये फंक्शनच्या नावात 'बूटमेम' राहिलंय ना?"

सर उत्तर देत नाहीत. चहा अर्धा टाकून जागेवर जातात.