हिरोजींची पायरी आणि पिंट्याची भिंत

रायगड बांधताना हिरोजी इंदुलकरांनी शत्रूचा बारीक विचार केला होता. महादरवाजा बुरुजांच्या आड असा दडवला की अगदी जवळ जाईपर्यंत दिसू नये. एवढं करूनही एक शत्रू त्यांच्या नजरेतून सुटला: रविवारचा पर्यटक. १८१८ साली हा गड घ्यायला इंग्रजांना समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवाव्या लागल्या. पर्यटक रोपवेचं तिकीट काढतो आणि पाचेक मिनिटांत वेफर्सच्या पाकिटासह वर हजर!

वर आल्यावर कार्यक्रम ठरलेला. नगारखान्यात कागद फाडायचा आणि त्याचा आवाज सिंहासनाच्या जागी पोचतो का, ते बघायचं. १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला, तिथे आता ‘हॅलो, येतोय का आवाज?’ एवढीच ललकारी उरली आहे. कागदाचे तुकडे तिथेच टाकायचे. प्रयोगाचा पुरावा नको? बाजारपेठेत गाईड सांगतो, घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून दुकानांची जोती उंच ठेवली. मंडळी माना डोलावतात. एक काका विचारतात, ‘मग पार्किंग कुठे होतं?’

पुढे जगदीश्वराचं मंदिर. महाराजांनी बक्षीस काय हवं विचारलं तेव्हा हिरोजींनी म्हणे इथल्या एका पायरीवर नाव कोरायची परवानगी मागितली, दर्शनाला येणाऱ्यांची पायधूळ त्यावर पडावी म्हणून. बक्षिसाची गोष्ट आख्यायिका असेल, पण नाव कोरलेली पायरी आजही आहे.

आमच्या पिंट्याला हा व्यवहार पटत नाही. अख्खा गड बांधून एकच पायरी? पिंट्या तर पुण्याहून स्वतः गाडी चालवत आला आहे. त्याचा हक्क थेट भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, बदामासकट. बदामात पिंकी, बाण आरपार. पुढच्या वर्षी पिंकी बदलते. दगड तोच राहतो.

जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. फ्लेक्स लागले. त्यावर किल्ला होता. साहेबांच्या खांद्यामागे नीट पाहिलं तर दिसायचा. संरक्षित वास्तू विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा आहे. तसा फलकही लावतात. फलकावर पिंट्याची सही असते.

तरीही ज्यांना नाव कोरायची फारच खाज आहे, त्यांनी आधी एक गड बांधून दाखवावा. पायरीचं मग बघू.