गाझाही आमचा, गटारही आमचं

२५ जुलै २०२५. मुंबई उच्च न्यायालयासमोर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची याचिका होती. मागणी एवढीच की, गाझात चाललेल्या संहाराचा निषेध करायला आझाद मैदान द्या. पोलिसांनी नकार दिला होता. न्यायालयाने याचिका फेटाळली आणि वर समजही दिली. आपल्या देशात प्रश्न कमी आहेत का, हजारो मैलांवरचं कशाला पाहता, कचरा, प्रदूषण, सांडपाणी, तुंबणारं पाणी यांवर बोला, देशभक्त व्हा, असा त्या समजेचा आशय होता.

कचऱ्यावर बोलायलाच हवं. पण कुणाशी?

त्या दिवशी मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या सभागृहात लोकांनी निवडलेला कुणी नव्हता.

म्हणजे गाझाबद्दल विचारायचं नाही, कारण ते आपलं नाही. गटाराबद्दल विचारायचं, तर उत्तर द्यायला बांधील असलेला माणूसच जागेवर नाही. मग नागरिकाकडे उरते ती पाच वर्षांतून एकदा बोटाला लागणारी शाई. एवढ्याला लोकशाही म्हणायला मी तयार नाही.

* * *

आधी गटाराचं बघू.

७४वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं. महाराष्ट्रात हे कलम राजरोस मोडलं गेलं. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर सगळीकडे प्रशासक. नवी मुंबई, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरची मुदत तर २०२० मध्येच संपली होती. या शहरांनी एका पूर्ण मुदतीहून जास्त काळ लोकप्रतिनिधींविना काढला.

दोष एका पक्षाचा नाही. महाविकास आघाडी सरकारने मुंबईतल्या जागा २२७ वरून २३६ केल्या. शिंदे सरकारने त्या पुन्हा २२७ वर आणल्या. प्रभागरचनेचे अधिकार राज्य सरकारकडे घेणारा कायदा मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने एकमताने मंजूर केला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे त्या दिवशी एका सुरात बोलले. महापालिकांतल्या ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि तो सुटायलाच हवा होता. पण त्याच्या आडोशाने निवडणूक लांबवणं सगळ्याच सत्ताधाऱ्यांना सोयीचं पडलं. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की, चार महिन्यांत निवडणुका उरका. तरीही जानेवारी उजाडलाच.

या काळात कामं मात्र थांबली नाहीत. मुंबईच्या रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे ६ हजार कोटींची कंत्राटं निघाली. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प आला. गोव्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठी ही रक्कम. हा अर्थसंकल्प आयुक्तांनीच मांडला आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर केला. स्थायी समिती नाही, सभागृह नाही, उपसूचना नाही. नगरसेवक भ्रष्ट असतात, प्रशासक बरा, असं म्हणणारे सुशिक्षित लोक मला दर आठवड्याला भेटतात. त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: वाईट नगरसेवकाला पाडता येतं. प्रशासकाला पाडायचं बटण कुठल्याच यंत्रावर नसतं.

शेवटी निवडणूक झाली, तेव्हा राज्यातल्या २९ महापालिकांत मिळून साठाहून अधिक जागा बिनविरोध गेल्या. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या मतदाराला त्या जागेपुरतं बटण दाबायलाही मिळालं नाही.

* * *

आता त्याच जुलैतले आणखी दोन दिवस.

१० जुलै. विधानसभेत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांवर. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला, गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या होत्या. काही शब्द बदलले, गाभा तसाच राहिला. नक्षलवादी हिंसेसाठी यूएपीए हा केंद्राचा कायदा आधीपासून आहे, मग हा कायदा कशासाठी, याचं पटेल असं उत्तर मिळालं नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका या सैल शब्दांत धरणग्रस्तांचा मोर्चाही बसवता येतो आणि आदिवासींचा लाँग मार्चही. २८८ जणांच्या सभागृहात ठाम विरोध नोंदवला तो एका आमदाराने, डहाणूच्या विनोद निकोले यांनी. मोठे विरोधी पक्ष त्या दिवशी कमी पडले. संविधान हातात धरून मतं मागणाऱ्यांना हे लोकांनी पुन्हा पुन्हा ऐकवलं पाहिजे.

२४ जुलै. ब्रिटनमध्ये भारत-ब्रिटन मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. व्हिस्कीवरचं शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर येणार. केंद्र सरकारच्या खरेदीची दारं ब्रिटिश कंपन्यांना उघडणार. ब्रिटनमध्ये असा करार २१ कामकाजाच्या दिवसांसाठी संसदेसमोर ठेवावा लागतो, तसा तिथे २०१० चा कायदा आहे. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार मान्य करायला संसदेचा ठराव लागतच नाही. लोकसभेसाठी आपण रांगेत उभे राहून मत देतो, आणि परदेशाशी केलेल्या सौद्यावर त्याच लोकसभेला मत नाही.

आणि म्हणून गाझा. १२ जून २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीचा ठराव आला. बाजूने १४९ देश, विरोधात १२, तटस्थ १९. त्या एकोणिसांत भारत होता. आदल्याच डिसेंबरात याच मागणीच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला होता. सहा महिन्यांत असं काय बदललं? गाझातली माणसं मरायची थांबली नव्हती. जुलै संपता संपता तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीत मृतांचा आकडा ६० हजारांच्या पुढे गेला. १९७४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता देणारा पहिला बिगर-अरब देश भारत होता. १९८८ मध्ये आपण पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. ही भूमिका ज्यांनी बदलली, त्यांनी मतदाराला विचारलं नाही, आणि मतदार विचारायला निघाला तर मैदान मिळालं नाही.

८ सप्टेंबरला दिल्लीत इस्रायलशी गुंतवणूक करार झाला. सही करायला आले होते इस्रायलचे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच. वेस्ट बँकेतल्या हिंसेला चिथावणी दिल्याबद्दल ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नॉर्वे यांनी तीनच महिन्यांपूर्वी त्यांच्यावर निर्बंध घातले होते. आपण त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. माझ्या नावाने झालेल्या त्या हस्तांदोलनाची मला लाज वाटते, आणि ती चारचौघांत सांगण्याचा मला हक्क आहे.

* * *

परराष्ट्र धोरण तज्ज्ञांचं काम, सामान्यांना त्यातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा यवतमाळला जावं.

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं. त्याच्या आठवडाभर आधी केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. कापड उद्योगाला दिलासा हे कारण दिलं गेलं. पण विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी वेचणी करून कापूस बाजारात आणतो तो याच महिन्यांत. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झालेला, आणि नेमकं तेव्हाच बाहेरच्या गाठींना दार मोकळं. संसदेचं अधिवेशन चालू असताना हा निर्णय एका अधिसूचनेने झाला. वॉशिंग्टनच्या धमकीचा भार दिल्लीने पांढरकवड्याच्या शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकला, आणि त्याला विचारलंही नाही. परराष्ट्र धोरण त्याच्या बांधावर येऊन उभं आहे. त्याला त्याबद्दल बोलायची मनाई कोण करणार?

* * *

दूरच्या दुःखाने अस्वस्थ होणं हा महाराष्ट्रात नवा रोग नाही. सोलापूरने १९३० मध्ये मार्शल लॉ सोसला. १२ जानेवारी १९३१ ला त्या शहराचे चार जण फासावर गेले. स्वतःच्या जखमा काही कमी नव्हत्या. त्याच सोलापूरचा एक तरुण डॉक्टर, द्वारकानाथ कोटणीस, १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने पोळलेल्या चीनमध्ये जखमींची शुश्रूषा करायला गेला आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच मेला. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या सुमारे ९० हजार कामगारांनी साम्राज्यशाही युद्धाविरुद्ध संप केला. गिरणगावात तेव्हा पाण्याचे, भाड्याचे, पगाराचे प्रश्न होतेच. त्याच कामगारांनी त्या प्रश्नांवरही संप केले होते. जो स्वतःच्या चाळीसाठी भांडतो, त्याला दुसऱ्याच्या पडलेल्या घराची किंमत कळते.

आणि विचारल्याने फरक पडतो. पुढे ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शनं झालीच, कारण लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. बिहारच्या मसुदा मतदार यादीतून ६५ लाख नावं गेली, तेव्हा ती कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ ला दिला, कारण कुणीतरी याचिका केली होती. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरले, कोणत्या कंपनीने किती रोखे घेतले आणि कोणत्या पक्षाने किती वटवले हे उघड झालं, तेही असंच वर्षानुवर्षं चिकटून राहिलेल्या लोकांमुळे. यातलं काहीही मतदान यंत्रातून आलेलं नाही. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात जे जागे राहिले, त्यांनी ते मिळवलं.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. आंतरराष्ट्रीय करार आधी संसदेत यावा, त्यावर चर्चा आणि मतदान व्हावं, मग सही. महापालिकेची मुदत संपायच्या आत निवडणूक झाली नाही, तर जबाबदार कोण हे कायद्यात लिहिलेलं असावं. जनसुरक्षा कायदा मागे घ्यावा. आणि महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डाच्या एका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, ती कागदावरून वॉर्डात उतरावी.

शेवटच्या मागणीसाठी दिल्लीला जावं लागत नाही. नवे नगरसेवक निवडून आले आहेत, त्यांची कार्यालयं तुमच्याच गल्लीत आहेत. या महिन्यात लेखी अर्ज द्या, क्षेत्रसभा बोलवा म्हणा, अर्जाची पोच घ्या. सभा भरली की तुंबलेल्या नाल्याचा ठराव मांडा आणि त्याच सभेत गाझातल्या युद्धाविरुद्धचाही ठराव मांडा. हा आपला विषय नाही, असं कुणी म्हणालं, तर तो कुणाचा विषय आहे हे त्यालाच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.