पास काढलाच आहे तर

रेल्वेच्या पासाचा हिशेब एकदा शांतपणे बसून करावा. मुंबईच्या लोकलचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास पंधरा दिवसांच्या जाण्यायेण्याच्या भाड्याहून कमी पैशांत मिळतो. म्हणजे पंधरा तारखेच्या आत पैसे फिटतात आणि पुढचा पंधरवडा आपण फुकट फिरत असतो. फिरतो कुठे, तर ऑफिसात. त्यातही रविवारी पास पाकिटात आणि आपण पलंगावर. भाजीवाल्याकडून कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय जागचा न हलणारा मराठी माणूस महिन्याचे चार रविवार रेल्वेला बिनबोभाट कसे सोडून देतो, हे मला कोडंच आहे.

माझा पास पनवेल ते सीएसएमटी. तिकीट काढायचं म्हटलं की आधी कारण लागतं. कुठे चाललात, कशाला, परत कधी? खिडकीतला बाबू विचारत नाही, पण घरची माणसं विचारतात. पासवाल्याला कारण लागत नाही. मधल्या कुठल्याही स्टेशनावर उतरावं, वडापाव खावा, गाव पटलं नाही तर पुढच्या गाडीत बसावं. एकही पैसा वाया गेलेला नसतो, त्यामुळे चिडचिडही नसते. सहलीचा निम्मा वैताग 'एवढा खर्च करून आलो आणि हे काय दाखवलंत' या वाक्यात असतो. पासाच्या सहलीत या वाक्याला जागाच नाही.

शिवडीचंच घ्या. रोज गाडी तिथे थांबते आणि आपण 'हे लोक इथे कशाला उतरतात' अशा नजरेने उतरणाऱ्यांकडे पाहतो. हिवाळ्यापासून मेपर्यंत त्याचं उत्तर खाडीच्या चिखलात उभं असतं: फ्लेमिंगो. भरती-ओहोटीची वेळ बघून गेलं, की गुलाबी थवे चिखलात माना घालून नाश्ता करताना दिसतात. त्यांच्या बाजूने 21.8 किलोमीटरचा अटल सेतू निघतो आणि आमच्या उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. मोटारीला त्याचा एकेरी टोल 250 रुपये. पनवेल ते सीएसएमटी लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट 20 रुपये, आणि पासवाल्याने तर तेही केव्हाच भरलेलं. पुलावरून जाणाऱ्याला थांबता येत नाही, म्हणून फ्लेमिंगोही नीट बघता येत नाहीत. गरिबीचे काही फायदे असतात.

पण माझी लाडकी सहल म्हणजे गोल फेरी. पनवेलहून लोकलने डॉकयार्ड रोडला उतरायचं, चालत भाऊच्या धक्क्यावर जायचं आणि मोऱ्याची लाँच पकडायची. वाटेत एका हाताला घारापुरी दिसते. तिला मुंबईची लेणी म्हणतात, पण ती आमच्या रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते, हे सहप्रवाशांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोणी विचारलेलं नसतं. मोऱ्याला उतरून उरण गाठायचं, पीरवाडीच्या किनाऱ्यावर चपला हातात घेऊन थोडं चालायचं आणि परत येताना उरणहून लोकल. ही लाइन नेरुळ-बेलापूरपासून खारकोपरपर्यंत 2018 च्या नोव्हेंबरात आली आणि पुढे उरणला पोचायला 2024 चा जानेवारी उजाडला. नेरुळला उतरलं की आपला पास पुन्हा चालू. म्हणजे अख्ख्या फेरीत पदरचा खर्च काय, तर लाँच आणि उरण ते नेरुळचं तिकीट.

एक पथ्य मात्र आहे. ओहोटीची वेळ पाहून निघावं. मोरा बंदरात गाळ साचतो, पाणी उतरलं की लाँच लागत नाही आणि फेऱ्या बंद ठेवतात. मग धक्क्यावर बसून मासळीचा वास घेत चंद्राच्या कलांवर चिंतन करावं लागतं. आमच्याकडची जुनी माणसं तिथी ऐकून पाण्याची वेळ सांगतात. त्यांच्या बोटांवरचं हे वेळापत्रक अजून मोबाइलला हरलेलं नाही.

दुसरा अडथळा मेगाब्लॉकचा. रविवार हा पासवाल्याच्या मोकळेपणाचा दिवस, तसाच तो रुळांच्या दुरुस्तीचाही. पनवेल ते वाशी ब्लॉक म्हटलं की घरात आनंदाची लाट येते, 'बरं झालं, आता घरी बसतील.' पण त्या घोषणा नीट ऐकाव्यात. पुष्कळदा शेवटी एक ओळ असते की उरणची पोर्ट लाइन चालू राहील. ती ओळ ऐकून मी चपला घालतो.

पासाच्या हद्दीबाहेर जायची हुक्की आली, की पनवेलहूनच रोह्याची मेमू आहे. सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण अशी निवांत जाते. गाडीत गर्दी असली तरी घाई नसते. एक्स्प्रेसला वाट देत उभी राहिली तरी कोणी घड्याळाकडे बघत नाही. आपटा स्टेशन लहानसं, पण 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधली ती शेवटची, हात पुढे करून मुलीला गाडीत ओढून घेण्याची गडबड इथल्याच फलाटावर झाली. आज इथे मेमू इतका वेळ थांबते, की सिमरनला चहा पिऊनही चढता आलं असतं. हमरापूरला उतरलं तर गणपतीचे कारखाने. श्रावणाच्या आधी जावं. रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा बघितल्या की घरचा गणपती निवडायला तासभर पुरत नाही. पेणच्या मूर्तींना 2023 साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

माझा भाचा जर्मनीत असतो. तिकडे 2022 च्या जून, जुलै, ऑगस्टमध्ये 9 युरोंत महिनाभर कुठल्याही लोकल आणि प्रादेशिक गाडीत बसा अशी योजना निघाली. माणसांनी गाड्या इतक्या भरल्या, की भाच्याने फोटो पाठवून विचारलं, 'मामा, ही गर्दी ओळखीची वाटते ना?' पुढे मे 2023 पासून तिथे 49 युरोंचा देशभर चालणारा पास आला, तोही आता महागला आहे. वेगवान गाड्यांत तो चालत नाही, त्यामुळे लोक छोट्या छोट्या गावी उतरायला शिकले, असं तो सांगतो. मी त्याला कळवलं की आमच्या एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना 1988 पासून आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढा आणि महाराष्ट्रभर हिंडा. त्यावर त्याने फक्त अंगठा पाठवला.

आता चिरनेरचं सांगतो, कारण ते आमचं गाव. तालुका उरण, पण विचारणाऱ्याला आम्ही 'पनवेलजवळ' असंच सांगतो. गावात रेल्वे नाही. एका बाजूला पनवेल स्टेशन, दुसऱ्या बाजूला उरण, आणि मधला रस्ता एसटी नाहीतर रिक्षा. अख्खी मुंबई पार करायला 20 रुपये, आणि या शेवटच्या टप्प्याला रिक्षावाला जो आकडा सांगतो, त्यात महिन्याच्या पासाचा चांगला लचका निघतो. म्हणून एसटीच बरी. फक्त एसटीत बसलं की घरातलं माझं स्थान कळतं. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून आमच्या हिचं निम्मं. पंचाहत्तरीपुढच्यांना 2022 च्या ऑगस्टपासून प्रवास मोफत, म्हणून आत्याचं शून्य. पूर्ण तिकिटाचा धनी मी एकटा, आणि पिशव्याही माझ्याकडेच.

आत्या या विषयातली माझी गुरू. रेल्वेने 2020 च्या मार्चमध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली तेव्हापासून तिने रेल्वेशी अबोला धरला आहे. आधार कार्ड कमरेच्या पिशवीत ठेवून ती एसटीने पनवेलला येते, डेपोत बाकावर बसते, ओळखीच्या चार बायकांशी बोलते आणि परतीच्या गाडीने जाते. घरी येत नाही. 'काम काय होतं?' असं मी विचारलं तर म्हणते, 'काम असतं तर तुलाच पाठवला असता.'

चिरनेरला काय बघायचं, असं पाहुणे विचारतात. 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आमच्या भागातले आठ जण हुतात्मा झाले. त्यात नाग्या महादू कातकरी होता. सरकारच्या जंगलातलं झाड तोडायला ही माणसं कोयते घेऊन गावोगावाहून चालत आली होती. गावात हुतात्मा स्मारक आहे, आणि महागणपतीच्या देवळात लोखंडी गजावरची त्या गोळीबाराची खूण दाखवतात. दरवर्षी त्या दिवशी गाड्यांचे ताफे येतात, भाषणं होतात, दुपारपर्यंत गाव रिकामं. तुम्ही दुसऱ्या कुठल्याही दिवशी या. थंडीत आलात तर वालाच्या शेंगा भरून भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद केलेल्या मडक्यातली पोपटी मिळेल, पण त्यासाठी गावात कोणी ओळखीचं हवं. आत्याचं नाव सांगा, चालेल. ती डेपोत भेटेल.

उरण स्टेशनावर लोकल आली की बाहेर चिरनेरची एसटी उभी असावी, एवढीच आमची मागणी आहे. ती पुरी होईपर्यंत सकाळी लवकर निघा आणि शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा. पास सोबत असू द्या. टीसी रविवारीही ड्युटीवर असतो.